भूमीआजोबा काओशुंग बघतात

थ्यानकाका काओशुंग स्टेशनातून बाहेर आले तेव्हा त्यांच्या गळ्यात लाल फडक्याची झोळी होती आणि झोळीत देव होता. देवाचं तोंड पुढे होतं, कारण त्याला बघायचं होतं.

"बॅग कुठंय काका?" मी विचारलं.

"कसली बॅग? मी थोडाच आलोय फिरायला. हा आलाय."

हा म्हणजे हायबे गावचे भूमीआजोबा. वीतभर उंची, लाकडी अंग, पांढरी दाढी, हातात सोन्याची लगड आणि चेहऱ्यावर नुकतंच पोटभर जेवून उठलेल्या माणसाचं समाधान. आमच्याकडे प्रत्येक गावाला, प्रत्येक वस्तीला आपापला भूमीआजोबा असतो. त्याची हद्द तलाठ्याच्या साझ्यासारखी ठरलेली असते. फरक इतकाच की हा जागेवर सापडतो.

हायबेत आता माणसं थोडी आणि बगळे जास्त. तरुण शहरात गेले, म्हातारे वर गेले, आणि मधल्यांनी माशांची तळी भाड्याने देऊन टाकली. उरले थ्यानकाका. सकाळ-संध्याकाळ आजोबांपुढे उदबत्ती लावायची आणि आदल्या दिवसाची हकीकत सांगायची, हा त्यांचा कार्यक्रम. उन्हाळ्यात ते तळ्याच्या बांधावरून घसरले. दुपारपर्यंत चिखलात पडून होते. शेवटी एका बदकवाल्याला दिसले, तेही बदकं तिथे जाऊन गर्दी करायला लागली म्हणून.

तेव्हापासून त्यांची मुलगी, म्हणजे माझी चुलत बहीण सू-हून, त्यांच्या मागे लागली होती. बाबा, काओशुंगला माझ्याकडे राहायला या. अकरावा मजला आहे, लिफ्ट आहे, समोर दवाखाना आहे. काका म्हणाले, "येईन की. पण ह्याला विचारावं लागेल. ह्याला एकट्याला सोडून कसा येऊ? आला तर दोघंही येतो."

विचारायचं म्हणजे कौल लावायचा. संत्र्याच्या फाकेसारखे दोन लाल लाकडी तुकडे असतात, एका अंगाने सपाट, दुसऱ्या अंगाने फुगीर. प्रश्न विचारायचा आणि ते जमिनीवर टाकायचे. एक सपाट, एक फुगीर वर आला की देव हो म्हणाला. दोन्ही फुगीर वर आले की नाही म्हणाला. आणि दोन्ही सपाट वर आले की देव हसला. मोठ्या प्रश्नाला लागोपाठ तीन 'हो' लागतात. काकांनी विचारलं, देव हसला. दुसऱ्या दिवशी विचारलं, पुन्हा हसला. आठवडाभर रोज हसत होता.

काकांनी त्याचा अर्थ लावला. "बरोबर आहे त्याचं. न बघितलेल्या शहराला कोण हो म्हणेल? आधी दाखवायला पाहिजे."

आदल्या दिवशी हूनताईचा मला फोन आला होता. मी पंज्याने बाहुल्या उचलायच्या यंत्रांत बाहुल्या भरण्याचं काम करतो, त्यामुळे मला दिवसा वेळ असतो असं घरात सगळ्यांना वाटतं. तो असतो, हा भाग वेगळा.

"सगळं नाटक आहे, वेई," ताई म्हणाली. "त्यांना यायचंच नाहीये. देवाच्या आडून बोलतात. तू फिरव त्यांना, चांगलंचुंगलं खायला घाल. संध्याकाळी मी सुटले की आमच्या खालच्या देवळात भेटू. काय तो कौल तिथेच लागू दे एकदाचा."

"आणि नाही म्हणाला तर?"

"तर काय. रोज फोन करीन. उचलेपर्यंत जीव टांगणीला. आताही तेच करते."

तर अशी माझ्यावर कामगिरी आली. एका लाकडी देवाला दिवसभरात शहर आवडलं पाहिजे.

मेट्रोत गर्दी होती. काका दांड्याला धरून उभे राहिले. समोरच्या राखीव सीटवर बसलेली एक कॉलेजची मुलगी मान वर करते तो काय, नाकासमोर देव. ती ताडकन उठली.

"बसा ना आजोबा."

काकांनी झोळी उतरवली, देवाला सीटवर बसवलं आणि स्वतः उभेच राहिले.

"मी तुम्हाला म्हणाले," मुलगी म्हणाली.

"मला अजून बरीच वर्षं उभं राहता येईल पोरी. हा आमच्या पणजोबांच्याही आधीचा आहे."

मुलीला ते पटलं. डब्यातल्या बाकीच्यांनाही पटलं. एक बाई तर मुलाला म्हणाली, पाय आत घे, आजोबांना लागेल.

न्याहारीला माशाच्या पोटाची कांजी. दुकान छोटं, बाहेर रांग. काकांनी टेबलावर देव ठेवला, त्याच्यापुढे वाफाळती वाटी ठेवली, वर आल्याचे तुकडे सारखे केले आणि हात जोडून बसले. देवाचं झाल्याशिवाय आपण खायचं नसतं. देवाचं झालं की नाही, तेही कौल लावूनच कळतं. काकांनी फाका टाकल्या. नाही. थोडं थांबून पुन्हा टाकल्या. नाही.

"सावकाश जेवतो," काका मला म्हणाले. "दात नाहीत."

मागची रांग आता आमच्या टेबलापर्यंत आली होती. दुसऱ्या कुठल्या देशात लोक ओरडले असते. इथे लोक सल्ले द्यायला लागले.

"कुठले आहेत आजोबा?" एका ट्रकवाल्याने विचारलं.

"हायबे."

"समुद्राकाठचे? मग त्यांना ही कांजी अळणी लागत असेल. मिरपूड घाला."

मालकीणबाई पातेल्यावरून ओरडल्या, "माझी कांजी अळणी? बावीस देव जेवून गेलेत इथे, एकाने तक्रार केली नाही!"

"ते बिचारे कसे करतील?"

"कौल लावून करतील! हात आहेत ना तुला, टाक तू!"

काकांनी मिरपूड घातली. पुढच्या कौलाला 'हो' आला. ट्रकवाल्याने रांगेकडे वळून छाती पुढे काढली. मालकीणबाईंनी कांजीचे पैसे घेतले, मिरपुडीचे घेतले नाहीत, पण भांडी जरा जोरात आपटली.

त्यानंतर आम्ही बघायला निघालो, आणि तिथे माझ्या लक्षात न आलेली एक अडचण उभी राहिली. काओशुंग मोठं शहर आहे. दर दोन-चार गल्ल्यांमागे इथे एक भूमीआजोबा आहे. दुसऱ्याच्या हद्दीत शिरताना तिथल्या आजोबांना नमस्कार केल्याशिवाय पुढे कसं जायचं? फौजदारसुद्धा परक्या हद्दीत शिरताना तिथल्या ठाण्याला कळवतो. त्यामुळे आम्ही वीस पावलं चाललो की थांबायचो. काका उदबत्ती लावायचे, आपल्या देवाची ओळख करून द्यायचे, गावचं नाव, तालुका, येण्याचं कारण. मग दोन्ही देवांना बोलायला म्हणून जरा वेळ एकमेकांसमोर ठेवायचे. आम्ही दोघं बाजूला उभे राहायचो.

"ते काय बोलतात?" मी विचारलं.

"आपण कशाला ऐकायचं?" काका म्हणाले.

या वेगाने शहर बघायला अधिक मास लागला असता, म्हणून मी त्यांना बोटीवर नेलं. पाण्यावर भूमीआजोबा नसतात. ते समुद्रदेवीचं खातं.

पलीकडच्या बेटावर फेरीबोट जाते, स्कूटरवाले स्कूटरीसकट चढतात. काका वरच्या मजल्यावर कठड्याशी बसले. शेजारी भाजीच्या पिशव्या घेतलेल्या एक बाई होत्या. काकांनी त्यांना माशांच्या खाद्याबद्दल सांगायला सुरुवात केली. बाईंनी आपल्या सुनेबद्दल. दोघंही एकमेकांचं ऐकत नव्हते आणि दोघांचंही उत्तम चाललं होतं. बोट लागली तेव्हा बाई उतरून गेल्या, आणि काका म्हणाले, "परत जाऊन येऊया का एकदा? ह्याला नीट दिसलं नाही."

आम्ही परत गेलो, परत आलो. त्या खेपेला शेजारी एक तिकीटतपासनीस होता.

मी मनात म्हटलं, हूनताई बरोबर बोलते. म्हातारा वेळ काढतोय.

दुपारी बेटावर टोमॅटो खाल्ले. आमच्या दक्षिणेत अर्धवट पिकलेल्या टोमॅटोच्या फोडी आलं, साखर आणि सोयाच्या दाट रसात बुडवून खातात. उत्तरेची माणसं हे बघून तोंड वाकडं करतात, म्हणून आम्ही ते आणखी चवीने खातो. देवाला एका फोडीत 'हो' आला. मग बदकाच्या मांसाचा भात. मग पपईचं दूध. मग घमेल्याएवढ्या वाडग्यात बर्फाचा कीस, वर आंबा. काका प्रत्येक ठिकाणी देवासाठी सगळ्यात मोठं मागवत होते, आणि देवाचं झालं की उरलेलं, म्हणजे सगळंच, आम्ही दोघं संपवत होतो. वाटेत ते मान खाली घालून झोळीत काहीतरी पुटपुटत असत. मी जवळ गेलो की गप्प.

"काका, आता बास. माझं पोट फुटेल."

"तुझ्या पोटाचा काय संबंध? त्याने भाजलेला मका बघितलाय मघाशी. मी त्याला दाखवलाय. आता नाही म्हणून कसं चालेल?"

संध्याकाळी आम्ही ताईच्या बिल्डिंगखालच्या देवळात पोचलो. देऊळ म्हणजे स्कूटर दुरुस्तीचं दुकान, जिथे मी सकाळी माझी स्कूटर टाकून आलो होतो, आणि चहाचं दुकान यांच्या बेचक्यात बसलेली एक खोली. ऑफिसातून सुटलेली माणसं हेल्मेट घालूनच नमस्कार करून जात होती. ताई आधीच येऊन उभी होती. तिने वडिलांना आपादमस्तक बघितलं, शर्टावरचा सोयाचा डाग बघितला आणि उदबत्तीचा पुडा पुढे केला. कौलाआधी वाद घालू नये, एवढं तिलाही कळतं.

काकांनी आपले आजोबा इथल्या आजोबांशेजारी मांडले. उदबत्ती लावली. घसा साफ करून नाव सांगितलं, जन्मसाल सांगितलं, ताईचा पत्ता सांगितला, अकरावा मजला, लिफ्टमधून उजवीकडे.

"तुम्ही आज शहर बघितलंत. जेवलात. इथे माझ्याबरोबर, माझ्या मुलीच्या घरी राहाल का?"

फाका टाकल्या. दोन्ही फुगीर बाजू वर. नाही.

दुसऱ्यांदा, नाही. तिसऱ्यांदा फाका सरळ पडल्या, लोळल्यासुद्धा नाहीत. नाही.

देव आठवडाभर हसत होता, तो शहर बघून गंभीर झाला.

ताईचा बांध फुटला. "झालं समाधान? हेच पाहिजे होतं ना तुम्हाला? सरळ सांगायचं होतंत बाबा, मला तुझ्याकडे राहायचं नाही म्हणून. देवाला कशाला दिवसभर उन्हातून हिंडवलंत?"

काका खाली बसून फाका गोळा करत होते. त्यांना एक फाक सापडेना, ती त्यांच्या हातातच होती.

"मी त्याला सकाळपासून कशासाठी खायला घालतोय मग?" ते म्हणाले.

"म्हणजे?"

"लाच देत होतो त्याला. हो म्हण म्हणून." त्यांनी वर बघितलं नाही. "ती बोटीवरची बाई किती बोलली माझ्याशी. तिकडे बोलायला फक्त हा आहे हूनी. आणि हा तीनच गोष्टी बोलतो."

चहाच्या दुकानातला मिक्सर तेवढ्यात थांबला, त्यामुळे हे सगळ्यांनाच ऐकू गेलं. मी उगाच चपलेचा पट्टा सारखा करायला लागलो. दिवसभर मी या माणसाबरोबर बोटीने चारदा पाणी ओलांडलं होतं आणि मला एवढंही दिसलं नव्हतं.

ताई गुडघ्यांवर बसली. वडिलांच्या हातातून फाका घेतल्या. कपाळाला लावल्या.

"भूमीआजोबा, मी खो सू-हून. पत्ता आत्ताच सांगितलाय. तुम्हाला हायबेला परत जायचंय, कळलं मला. ते तुमचं गाव आहे, तुमची हद्द आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मग माझ्या बाबांना इथे राहू द्याल का? तुमच्याशिवाय?"

हा प्रश्न काकांना सुचलाच नव्हता. त्यांच्या डोक्यात ते आणि देव एकाच तिकिटावरचे दोन प्रवासी होते.

पहिला कौल, हो. दुसरा, हो. आता हेल्मेटवाली माणसंही थांबली. तिसऱ्या वेळी ताईने फाका जरा जोरात टाकल्या. एक फाक जमिनीवर आपटून फुगीर बाजू वर करून पडली. दुसरी उडाली, गरगरत गेली आणि काकांच्या चपलेच्या टोकाला टेकून उभी राहिली.

उभी. पडली नाही.

"हात लावू नका!" स्कूटर दुरुस्तीवाला दुकानातून ओरडला. "कुणी हात लावू नका!"

देवळात एकच गलका झाला, कारण प्रत्येकाचं काहीतरी म्हणणं होतं. कुणी म्हणालं, उभा कौल म्हणजे महाशकुन, लॉटरीचं तिकीट घ्या. कुणी म्हणालं, मोजायचा नाही, पुन्हा टाका. हेल्मेटमधून एकजण म्हणाला, टेकलेली आहे, टेकलेलीला उभी म्हणत नाहीत. मी खाली वाकून बघितलं. काठावर टेकलेल्या वस्तू कुठे पडतात यावरच माझं पोट चालतं.

"सपाट बाजू चपलेकडे आहे," मी सांगितलं. "काकांनी पाय मागे घेतला तर ती चपलेच्या बाजूला पडेल, फुगीर वर. म्हणजे दोन्ही फुगीर. नाही. पाय पुढे केला तर पलीकडे उताणी पडेल. सपाट वर. म्हणजे हो."

सगळे काकांच्या पायाकडे बघायला लागले. पाय साधाच होता. रबरी चप्पल, नखात तळ्याचा चिखल.

"म्हणजे देवाने काय सांगितलं?" ताईने विचारलं.

"त्याने माझ्यावर टाकलंय," काका म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते देवावर चिडलेले दिसले. "अरे म्हाताऱ्या, इतकी वर्षं मी तुला विचारून चप्पल घेतली. आणि आज मला विचारतोस?"

आजोबा त्याच पोटभर जेवलेल्या चेहऱ्याने बघत राहिले.

काका हलेनात. चहाच्या दुकानातल्या मुलीने त्यांच्या मागे स्टूल सरकवलं, ते पाय तसाच ठेवून जपून टेकले. तिने चहाचा पेला आणून दिला. कमी साखर, बर्फ नको. ते प्यायले. लोक यायचे, आत काय चाललंय विचारायचे, आणि कळलं की हळू आवाजात बोलायला लागायचे. स्कूटर दुरुस्तीवाल्याने आपल्या दारात उभी असलेली गाडी बंद केली, हादऱ्याने फाक पडू नये म्हणून. एका आजींनी काकांना विचारलं, पायाला मुंग्या येत असतील ना? काका म्हणाले, मघाशी आल्या होत्या, आता पायच नाही असं वाटतंय.

"बाबा," ताई शेवटी म्हणाली. ती अजून जमिनीवरच बसली होती, त्या पायापाशी. "मागे घ्या. चालेल मला. मी फोन करत जाईन. तुम्ही उचलत जा फक्त."

"त्याला उदबत्ती कोण लावेल?" काका तिच्याकडे न बघता म्हणाले. "सकाळ-संध्याकाळ. आणि शुद्ध बीजेला नि वद्य प्रतिपदेला नैवेद्य. गावात कुणी नाही आता."

"बदकवाला आहे ना?"

"त्याचा बदकांवर जीव. देवावर नाही."

"बदकवाल्याला मी सांगते. सकाळ-संध्याकाळ तो लावेल, मी त्याच्याकडून बदकं घेत जाईन. नैवेद्याच्या दिवशी मात्र घरचं कुणीतरी पाहिजे..."

ती बोलता बोलता थांबली. मग दोघांनी एकाच वेळी मान वळवली. त्यांच्यापाठोपाठ हेल्मेटवाले वळले, आजी वळल्या, चहाची मुलगी वळली. दुरुस्तीवाल्याने माझ्या स्कूटरच्या टायरकडे बघितलं आणि पसंतीची मान डोलावली.

"माझी नोकरी आहे," मी म्हणालो.

आजींनी मान डोलावली, पुढे बोल म्हणून.

"बाहुल्या भराव्या लागतात."

"भर ना," काका म्हणाले. "महिन्यातले दोन दिवस तर आहेत. तो काही मागत नाही फार. दिवसभरात काय झालं ते सांगायचं त्याला, एवढंच. काही झालं नसलं तरी सांगायचं."

मी देवाकडे बघितलं. दिवसभर त्याचं उरलेलं मी खाल्लं होतं. आपल्या समाजात याला उपकार म्हणतात.

"बरं," मी म्हणालो.

काकांनी पाय पुढे केला. पाय सरकल्याचं मी बघितलं, कारण मी तेव्हा दुसरीकडे कुठेच बघत नव्हतो. एकदम नव्हे, अंगठ्यापुरता. फाक डोलली, पलीकडे कलली आणि उताणी पडली. सपाट बाजू वर.

"ढकलली!" हेल्मेटवाला ओरडला. "मी बघितलं, ढकलली!"

"तुम्ही गप्प बसा हो!" आजी त्याच्या अंगावर गेल्या. "माणसाने स्वतःच्या पायाने काय करावं, हे तुम्ही सांगणार?"

ताईने वडिलांचा पाय दोन्ही हातांत धरला आणि चोळायला लागली, कारण तो खरोखरच मेला होता. चोळता चोळता तिचं नाक लाल झालं होतं. काका म्हणत होते, "अगं लोक बघतायत," आणि पाय काढून घेत नव्हते.

मग आम्ही दोघांनी त्यांना खांद्याचा आधार देऊन लिफ्टपर्यंत नेलं. दारात त्यांनी गळ्यातली झोळी काढली आणि माझ्या गळ्यात घातली. गाठ तीनदा ओढून बघितली. वळून देवळातल्या आजोबांकडे बोट दाखवलं.

"उद्या सकाळी घेऊन जा. आज राहू दे त्याला इथे, त्या दोघांचं बोलायचं राहिलं असेल. आणि स्कूटर सावकाश चालव."

"देव आहे काका. त्याला काय होणार?"

"त्याला नाही रे," काका म्हणाले. "तुला काही झालं तर मग त्याची खुशाली कोणाला विचारू?"

लिफ्टचं दार मिटलं. मी झोळी सावरत परत गेलो, तेव्हा चहाची मुलगी स्टूल उचलत होती. तिने मला विचारलं, तुमच्या देवाला वद्य प्रतिपदेला चहा चालेल का, आणि साखर किती. मी म्हटलं, विचारून सांगतो, आणि खाली वाकून फाका उचलल्या.